फ्लॅग २१ पैकी ५ : समर लीगच्या एका मॅचवरून पोरगा जोखायचा कसा?

सातपूर_फर्स्टशिफ्ट (नाशिक)
११ जुलै २०२५, दुपारी ४.१०

मंडळी, आज पहाटे साडेपाचला एनबीएच्या समर लीगमधली (सीझनआधी नव्या पोरांना आजमावायची बास्केटबॉल स्पर्धा) डॅलस मॅव्हरिक्स–लेकर्स मॅच लावली. तीन क्वार्टर घरी बघितले आणि चौथा कंपनीच्या बसमध्ये, इयरफोनचा एक कान शेजारच्याला देऊन. कूपर फ्लॅगची पहिली मॅच होती. ड्राफ्टचा (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तो) पहिला नंबर, ड्यूक कॉलेजचा, वर्षभर ज्याच्या नावाने ढोल वाजतायत तो. आणि केलं काय, तर २१ शॉटपैकी ५ पडले. तीन पॉइंटच्या लाइनबाहेरून ५ पैकी शून्य. एकूण १० पॉइंट. मॅच ८७-८५ अशी जिंकली खरी, पण २१ पॉइंट मारले रायन नेम्बहार्डने, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

इयरफोनवाला म्हणाला, "गेला, पहिला नंबर वाया गेला." मला तसं वाटलं नाही. पण का वाटलं नाही ते धड सांगता येईना, आणि तोवर गेट आलं.

तर प्रश्न असा. सीझन नाही, गुण नाहीत, कप असून नसल्यासारखा. अशा मॅचमध्ये नवीन पोराचं नेमकं काय बघायचं? "पॉइंट बघू नका" हे सगळेच म्हणतात. मग बघायचं काय, ते कोणी सांगत नाही. माझा स्वार्थही आहे यात. आमच्या कॉलनीतली पोरं रविवारी मी घेतो. फ्रेंडली मॅचमध्ये एकाने चार-पाच लांबून घातले की सगळी कॉलनी त्याच्या मागे, आणि पुढच्या स्पर्धेला तोच गायब.

---

लेकर_लातूर
११ जुलै, संध्याकाळी ५.३२

लुका डॉन्चिच आमच्या लेकर्सना दिलात, हे घेतलंत 😂 लेब्रॉनच्या ब्रॉनीला नावं ठेवत होतात ना सगळे? त्याने ८ मारले, तुमच्या पहिल्या नंबरने १०. फरक दोन पॉइंटचा. पगारातला फरक बघा आणि रडा.

---

स्कोअरशीट_काका (पुणे)
११ जुलै, रात्री ९.४५

सातपूरकर, प्रश्न नीट विचारलाय म्हणून नीट लिहितो. लातूरकरांनी प्रश्न विचारलेला नाही, त्यामुळे त्यांना उत्तर नाही.

मी टेबलावर बसणारा माणूस. जिल्हा, क्लब, शाळा, बोलावतील तिथे स्कोअरशीट लिहितो. पॉइंट लिहिणं हेच काम असल्यामुळे मला पॉइंटचं कौतुक उरलेलं नाही. बास्केट झाली, आकड्यावर रेघ मारली, पुढे. त्यामुळे नजर बाकीच्या गोष्टींकडे जायला मोकळी असते. आजची मॅच मी दोनदा बघितली. दुसऱ्यांदा फक्त फ्लॅगकडे, बॉल कुठे का असेना.

आधी ही मॅच कसली आहे ते ध्यानात घ्या. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, एनबीएच्या खऱ्या मॅचला बारा-बाराचे असतात. खऱ्या मॅचला सहा फाउल झाले की खेळाडू बाहेर, इथे दहा होईपर्यंत चालतं. या एका नियमाने खेळ केवढा बदलतो बघा. समोरच्याला हात लावायला, ढकलायला, मनगट धरायला फारसं भ्यावं लागत नाही. ड्राफ्ट २५ जूनला झाला आणि मॅच १० जुलैला, तिकडच्या तारखेने. संघ म्हणून सराव तो कितीसा झाला असणार? आणि बरोबरचे बहुतेक जण नोकरी शोधायला आलेले. स्टँडमध्ये एनबीएवाले बसलेत, युरोपातले क्लबवाले बसलेत, म्हणजे पास दिला तर तो परत येईलच याची खात्री नाही. कागदावर संघ आहे, कोर्टवर सगळे उमेदवार.

अशा ठिकाणी शॉट पडणं-न पडणं सगळ्यात कमी भरवशाचं. तीनची लाइनसुद्धा मागे गेलीय हो. कॉलेजात ६.७५ मीटर होती, एनबीएत वरच्या भागात ७.२४. अर्धा मीटर म्हणजे पायांना वेगळा जोर आणि वेगळी सवय. ५ पैकी शून्यावर मी एक मिनिटही घालवणार नाही.

मला खुपलं ते दुसरंच. आकडा परत वाचा. ५ बास्केट, तीनचं एकही नाही, पॉइंट १०. म्हणजे फ्री थ्रोवर (समोरच्याने फाउल केला की मिळणारा मोकळा शॉट) शून्य. पावणेसात फुटी पोरगा, बॉल हातात घेऊन एवढा खेळला आणि फ्री थ्रोच्या लाइनवरून एक पॉइंट नाही? याचा अर्थ तो अंगावर घेऊन आत घुसत नव्हता. बाहेर ड्रिबल करायचा, बचाव करणारा जवळ आला की थांबायचा आणि तिथूनच उचलायचा. दुसऱ्यांदा बघताना हे डोळ्यांत भरतं. शॉट कधीतरी पडायला लागतील, पण आत जायची सवय सुटली तर ते दुखणं महाग पडतं. माझ्या वहीत लाल पेन्सिलने एवढंच लिहिलंय.

आता तो तिथे थांबत का होता? कारण तो त्याच्या नेहमीच्या जागी नव्हताच. हेड कोच जेसन किडने आधीच बोलून दाखवलं होतं की याला पॉइंट गार्ड (बॉल वर आणून खेळ चालवणारा) खेळवून बघायचंय, मुद्दाम अवघडल्यासारखं करायचंय. कायरी अर्व्हिंगचा गुडघा मार्चमध्ये गेला, तेव्हा डॅलसला बॉल वर आणणारा माणूस लागणारच आहे. म्हणजे ही मॅच त्या पोराने चांगलं दिसावं म्हणून नव्हतीच. त्याला काय येत नाही ते कळावं म्हणून होती, आणि ते कळलं. कोणाला काय काम दिलं होतं हे माहीत नसेल तर मॅच बघून मत देऊ नये, या मताचा मी आहे. आमच्याकडे अर्धी भांडणं याच्यावरून होतात.

आणि आता जे मला आवडलं ते. शेवटचं मिनिट आठवा. तुम्ही बसमध्ये होतात, हुकलं असेल तर परत बघा. लेकर्सच्या डीजे स्टीवर्डचा शॉट फ्लॅगने ब्लॉक केला, आणि तिथूनच पुढे नेम्बहार्डचा आघाडी देणारा तीनचा आला. तोपर्यंत या पोराचे शॉटवर शॉट हुकलेले. साडेअठरा वर्षांचा मुलगा, अख्खं थॉमस अँड मॅक सेंटर त्याच्यासाठी भरलेलं. अशा वेळी पोरं काय करतात ते मी टेबलावरून कायम बघतो. शॉट हुकला की आधी रिंगकडे बघणार, मग रेफरीकडे, मग चालत मागे. त्या दोन सेकंदांत समोरचा ले-अप करून मोकळा. याने तसं केलं नाही. दर वेळी वळला आणि पळाला. ३ स्टील (हिसकावलेले बॉल) आणि ६ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल) तिथूनच आले. हे शिकवून येत नाही असं म्हणणार नाही, पण शिकवायला फार वेळ लागतो.

स्पर्सचा वेम्बान्यामा आठवतो ना? तोही ड्राफ्टचा पहिला नंबर. २०२३, शार्लटविरुद्ध पहिली समर लीग मॅच, १३ पैकी २. त्याही दिवशी इंटरनेटवर श्राद्ध घातलं होतं लोकांनी. पण त्याच मॅचमध्ये ५ ब्लॉक होते. पुढे अख्ख्या सीझनला मॅचमागे ३.६ ब्लॉक, लीगमध्ये सर्वाधिक, आणि एकमताने वर्षातला सर्वोत्तम नवोदित. शॉटने खोटं सांगितलं, ब्लॉकने खरं. ट्रे यंगचंही तसंच. २०१८ ला सॉल्ट लेक सिटीत पहिल्या मॅचला २० पैकी ४, तीनचे ११ पैकी १. पण पास तेव्हाही दिसत होते.

तुमच्या पोरांसाठी एवढंच करा. शॉट हुकल्यानंतरची तीन सेकंदं बघा, अंगावर घेऊन आत किती जातो ते बघा, आणि बॉल लांब असताना पाय जमिनीला चिकटलेत की हलतायत ते बघा. बाकीचं स्कोअरशीट सांगेलच.

---

प्लेनोकर (टेक्सास)
१२ जुलै, सकाळी ८.०५

काका, नमस्कार. बरंचसं पटलं, पण शॉट एवढे उडवून लावू नका.

मी डॅलसच्या शेजारी राहते. फेब्रुवारीत लुकाला लेकर्सकडे पाठवल्यापासून आमच्या घरात मॅव्हज हा शब्द उच्चारायला बंदी होती. मुलाने जर्सी माळ्यावर टाकली होती. मे महिन्यात ड्राफ्टच्या पहिल्या नंबरची, १.८ टक्के शक्यता असलेली लॉटरी लागली तेव्हा बंदी उठली. (जर्सी अजून माळ्यावरच आहे.) तेव्हा मी काही तटस्थ नाही, हे आधीच सांगते. पण विमा कंपनीत आकडेमोड करून पोट भरते, म्हणून थोडी आकडेमोड.

समजा फ्लॅग हा तीनचे ३५ टक्के मारणारा खेळाडू आहे. म्हणजे बऱ्यापैकी. अशा खेळाडूचे पाचच्या पाच हुकण्याची शक्यता साधारण १२ टक्के येते. दोनच्या शॉटचं बघा, १६ पैकी ५. त्याची खरी पातळी ४५ टक्के धरली तरी १६ मध्ये ५ किंवा त्याहून कमी जाण्याची शक्यता जवळपास २० टक्के. पाचातून एकदा! एनबीएत महिन्याला चौदा-पंधरा मॅच होतात, त्यात असे दोन-तीन दिवस चांगल्या खेळाडूलाही येणारच. या एका दिवशी कॅमेरे जास्त होते, एवढंच.

पण हाच हिशोब उलट्या बाजूनेही लावायचा, आणि तिथे लोक सोयीस्कर विसरतात. २०१२ ला लास वेगासचा सर्वोत्तम खेळाडूचा मान दोघांना वाटून दिला होता. एक डेमियन लिलार्ड, दुसरा मेम्फिसचा जॉश सेल्बी. सेल्बीने त्या उन्हाळ्यात तीनचे ६४ टक्के घातले होते. ६४! पुढच्या सीझनला लिलार्ड एकमताने सर्वोत्तम नवोदित झाला. सेल्बीला मेम्फिसने जानेवारीतच दुसरीकडे दिलं आणि थोड्याच काळात तो एनबीएबाहेर होता. लिलार्ड बॉल हातात घेऊन अख्खा संघ चालवत होता, सेल्बीचा सगळा डोलारा त्या शॉटवर उभा होता.

आणि याहून मोठा किस्सा २००९ चा. गोल्डन स्टेटच्या समर लीग संघात दोन पोरं होती. अँथनी रँडॉल्फने एका मॅचमध्ये ४२ मारले, तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी. दुसरा नवीन आलेला, किरकोळ अंगाचा, शूटिंग ३३ टक्क्यांच्याही आत. त्याचं नाव स्टेफ करी. लातूरकर तेव्हा असते तर करीला परत पाठवून मोकळे झाले असते. रँडॉल्फ वाईट खेळाडू नव्हता बरं का. एनबीएत रुजला नाही, पण स्लोव्हेनियाकडून लुकाबरोबर २०१७ चा युरोपियन कप जिंकला, पुढे दोघांनी रेआल माद्रिदकडून युरोलीगही जिंकली. त्याच्या ४२ पॉइंटांनी खोटं सांगितलं नाही, त्याला कुठल्या पातळीवर किती जमेल ते लोकांनी चुकीचं वाचलं.

मग शॉटचं करायचं काय? पडला की हुकला हे सोडून कुठून घेतला आणि समोर कोणाचा हात असताना घेतला ते बघायचं. आणि नेम पुढे टिकेल का याचा अंदाज हवा असेल तर कॉलेजातले फ्री थ्रो बघायचे. आमच्यासारखे आकडेवाले त्याला जास्त मानतात, कारण तिथे समोर कोणी नसतं, अंतर ठरलेलं असतं, नुसता हात दिसतो. फ्लॅगचे ड्यूकला ८४ टक्के होते. म्हणून मी शांत झोपले.

नेम्बहार्डबद्दल मात्र जरा दमाने. मला आवडला, मनापासून. पण तो बावीस वर्षांचा आहे, क्रेटन आणि गोंझागा मिळून कॉलेजची चार वर्षं खेळलाय, गेल्या सीझनला अख्ख्या अमेरिकेतल्या कॉलेजांत सर्वाधिक असिस्ट (बास्केट करून देणारे पास) त्याचे होते. अशा विस्कळीत संघांच्या मॅचमध्ये मुरलेला पॉइंट गार्ड उठून दिसणारच. बावीस आणि साडेअठरा यांची तुलना करताना वय बाजूला लिहून ठेवायचं.

---

धंतोली_डिफेन्स (नागपूर)
१२ जुलै, दुपारी १.२०

काय सांगू काका, तुम्ही वेम्बान्यामाचं सांगून राहिले, आमच्या इथे भाचीचं असंच झालं. मे महिन्यातलं शिबिर, नागपूरचं ऊन, म्हणून सकाळी सहाला मॅच. शेवटच्या दिवशीच्या त्या एका फ्रेंडलीवरून पंधरा पोरी काढायच्या होत्या.

भाची सेंटरला खेळते. अख्खी मॅच स्क्रीन (बचाव करणारीच्या वाटेत उभं राहून आपल्या पोरीला मोकळं करणं) लावून राहिली, बोर्डखाली समोरच्या पोरीला मागे रेटून राहिली, ओरडून ओरडून मागच्यांना जागा सांगून राहिली. घसा बसला होता तिचा. पॉइंट किती? ४. जिने सगळे फास्ट ब्रेकचे ले-अप घातले ती पहिल्या नावाने निवडली गेली. आता ते ले-अप आले कुठून? रिबाउंड हिने घेतला, लांब पास हिनेच टाकला. समोरचे मागे आलेच नाहीत, कारण त्या दिवशी कोणालाच पळायचं नव्हतं. निवडणाऱ्या सरांना विचारलं तर म्हणाले, "आकडा दाखवा."

कोणत्या जिल्ह्याचं, कोणते सर, ते जाऊ द्या. भाची अजून खेळून राहिली, मस्त आहे. पण मला हे सांगा, निवडणाऱ्याला हे दाखवायचं कसं? तुमच्यासारखी वही तिथे कोण लिहितं?

---

स्कोअरशीट_काका
१२ जुलै, रात्री १०.१५

धंतोलीकर, सर "आकडा दाखवा" म्हणाले तर त्यांना आकडाच द्या. स्क्रीन मोजता येते. कोणी लावली, त्यावर बॉलवाला मोकळा झाला का, एवढी एक उभी रेघ. रिबाउंडनंतरचा पहिला पास मोजता येतो. समोरच्याला मागे रेटून दुसऱ्याला मिळालेला रिबाउंडही मोजता येतो. मोजत नाहीत, कारण छापील स्कोअरशीटवर त्याला रकाना नाही. मी लिहितो तीच शीट, त्यात पॉइंट, फाउल आणि टाइमआउट. ती पंचांसाठी आहे. तिच्यावरून निवड करणं म्हणजे पावतीवरून जेवणाची चव सांगणं.

दुसरं, फ्रेंडलीवरूनच निवड करायची असेल तर हाफटाइमला संघ मोडा. जी पोरगी चांगल्या पॉइंट गार्डबरोबर खेळली तिला दुसऱ्या बाजूला टाका. ज्याचा खेळ बरोबरच्या माणसांवर चालतो त्याचं पितळ दहा मिनिटांत उघडं पडतं. भाचीसारखी जी आहे, ती जिकडे जाईल तिकडची बाजू सावरते. हे दिसायला वही लागत नाही, स्कोअरबोर्ड पुरतो.

बघणारे चांगले असले तर हे दिसतंही. २०२१ ला सॅक्रामेंटोने लास वेगासची समर लीग जिंकली. आपला प्रिन्सपाल सिंग त्या संघात होता, लुधियानाच्या अकादमीतून घडलेला पंजाबी पोरगा. त्याच संघातल्या डेव्हियन मिचेलला सर्वोत्तम खेळाडूचा मान ब्रुकलिनच्या कॅम थॉमसबरोबर वाटून मिळाला. मिचेलच्या पॉइंटची सरासरी थॉमसच्या निम्मीसुद्धा नव्हती. मान मिळाला तो समोरच्या गार्डला श्वास घेऊ न दिल्याबद्दल. त्या वर्षी मत देणाऱ्यांना मी मनातल्या मनात चहा पाजला होता.

प्लेनोताई, वयाचा मुद्दा एकदम मान्य. ते ६४ टक्क्यांचं मला माहीत होतं, रँडॉल्फ आणि करी एकाच संघात होते हे डोक्यात नव्हतं. छान सापडलं.

---

लेकर_लातूर
१२ जुलै, रात्री ११.०२

काका एवढं लिहिता तर पुस्तकच काढा. ५/२१ ते ५/२१.

---

सातपूर_फर्स्टशिफ्ट
१३ जुलै, दुपारी १२.४०

लातूरकर कुठे आहेत? ३१! स्पर्सविरुद्ध २१ पैकी १०, ३१ पॉइंट. डॅलस हरलं ७६-६९, पण पोराने दाखवलं. समोर ड्राफ्टचा दुसरा नंबर डिलन हार्पर होता, तोही पहिल्यांदाच उतरला, १६ मारले.

इयरफोनवाला रविवार असून फोन करून म्हणतो, "मी म्हणालो नव्हतो, पोरगा चांगला आहे?" याचं काय करायचं ते वहीत सापडलं तर सांगा.

काका, आता काय म्हणता? पास ना?

---

स्कोअरशीट_काका
१३ जुलै, रात्री ८.५०

पास-नापास करायला हा बोर्डाचा निकाल नाही. पण काय बदललं ते बघू, कारण मजा तिथे आहे.

शॉट किती घेतले? परवा २१, काल २१. एकाने जास्त नाही, एकाने कमी नाही. पॉइंट मात्र १० चे ३१. हे वाढलेले २१ पॉइंट कुठून आले? परवा दोनचे १६ आणि तीनचे ५ घेतले होते. काल दोनचे १२ घेतले, त्यातले ७ गेले. तीनचे ९ घेतले, त्यातले ३ गेले. नुसत्या शॉटचे झाले २३ पॉइंट. उरलेले ८ फ्री थ्रोचे. म्हणजे परवा जो शून्य मला खुपला होता तिथे काल १३ फ्री थ्रो मिळाले. आत घुसला, अंगावर घेतलं, शिट्टी वाजली. लाल पेन्सिलीची ओळ मी खोडलीय.

तीनचे ९ पैकी ३ हे काही अफाट नाही, आणि मला तेच बरं वाटलं. समजा ९ पैकी ७ गेले असते, तर ३१ पॉइंट असूनही मी एवढा खूश झालो नसतो. ते एका दिवसाचं असतं. आत घुसणं हा निर्णय आहे आणि निर्णय पुढच्या मॅचलाही बरोबर येतो. दोन दिवसांत कोणी नेम सुधारत नाही, पण परवाच्या मॅचमध्ये आपण कुठे थांबत होतो हे कोणी दाखवलं तर दोन दिवसांत तिथे थांबणं सोडता येतं. साडेअठराव्या वर्षी सांगितलेलं लगेच पुढच्या मॅचमध्ये उतरवणं, हे मी त्या ३१ च्या वर ठेवेन.

एक मात्र आहे. प्लेनोताई, ८४ टक्के म्हणालात, काल १३ पैकी ८.

---

प्लेनोकर
१३ जुलै, रात्री ११.३०

काका, १३ हा नमुना लहान असतो 😄

आणि तुमच्या "सांगितलेलं उतरवलं" वर माझी शंका आहेच. दोन मॅच म्हणजे दोन ठिपके, त्यातून रेघ कोणतीही काढता येते. स्पर्सचा बचाव लेकर्सपेक्षा वेगळा होता. शिट्ट्या वाजवणारेही वेगळे. मी एवढंच म्हणेन की पहिल्या मॅचनंतर जी काळजी होती ती दुसऱ्या मॅचने गेली. नवीन काही सिद्ध झालं नाही. आता त्याला इथेच थांबवताहेत, या लीगमधलं त्याचं खेळणं संपलं. बरोबरच केलं. २०२३ ला वेम्बान्यामालाही दोनच मॅच खेळवून बसवलं होतं. १३ पैकी २ नंतर दुसऱ्या मॅचला त्याने २७ पॉइंट आणि १२ रिबाउंड केले होते, जवळपास हीच गोष्ट.

ऑक्टोबरमध्ये मी एक बघणार आहे. समोरचा गार्ड अर्ध्या कोर्टापासून चिकटला तर याचा ड्रिबल टिकतो का. पावणेसात फुटाच्या पोराचा बॉल जमिनीपासून उंच उसळतो, आणि छोटे गार्ड तिथेच हात घालतात. समर लीगमध्ये तसा दमवणारा गार्ड त्याच्यासमोर आला असं मला वाटलं नाही.

मुलाने जर्सी माळ्यावरून काढली. लुकाचीच आहे, पण काढली.

---

सातपूर_फर्स्टशिफ्ट
१४ जुलै, रात्री ९.१५

काल संध्याकाळी कॉलनीत पोरांची फ्रेंडली घेतली, काकांनी धंतोलीकरांना सांगितलं तसं हाफला संघ मोडले. पहिल्या हाफला ज्याने सगळ्यात जास्त मारले, त्याला दुसऱ्या बाजूला गेल्यावर तीनच शॉट मिळाले आणि तो रुसून बसला. मला वाटलं होतं तो आमचा स्टार. आणि एक आठवीतला पोरगा आहे, त्याचं नाव कोणी घेत नाही, तो दोन्ही हाफला जिंकणाऱ्या बाजूला होता. योगायोग असेल, प्लेनोताई रागावतील. पुढच्या रविवारी परत बघतो.

अडचण एकच. मीच शिट्टी वाजवतो, मीच बघतो, वही लिहायला हात कुठून आणू?

---

स्कोअरशीट_काका
१४ जुलै, रात्री १०.००

तुम्ही लिहूच नका. ज्याचा पाय मुरगळलाय, जो उशिरा आलाय, जो बाहेर बसून तोंड पाडून आहे, त्याच्या हातात द्या. एका मॅचला एकाच खेळाडूचं पान, पाचही जणांचं नको. हुकल्यावर पळाला की चालला, आत गेला की बाहेरून उचलला, स्क्रीन लावली की नुसता उभा राहिला. तीन रकाने बास. लिहिणारा पोरगा पुढच्या मॅचला स्वतः पळायला लागतो, हे मी बऱ्याच जणांत बघितलंय.

रुसलेल्यालाही एकदा लिहायला बसवा. आणि पेन्सिल द्या, पेन नको. पहिल्या क्वार्टरला सगळे चुकीच्या रकान्यात रेघ मारतात.